डबी कुणाच्या खात्यावर

धुरपदाबाईंनी परातीत हात घातला, ओंजळभर केळीचे वेफर वर उचलले आणि बोटांच्या फटींतून हळूहळू खाली सोडले. साबूत असतील ते उजवीकडच्या टोपल्यात, तुटके असतील ते डावीकडच्या डब्यात. डोळ्यांना आता नुसता उजेड आणि सावली कळायची, पण या कामाला डोळे लागतात कुणाला? कोनाड्यात त्यांची डबी भजन म्हणत होती आणि मागच्या पडवीत कामाला येणारी जुलेखाबी कच्ची केळी सोलता सोलता त्यावर आपलं बेसूर गुणगुणणं चढवत होती.

"आत्याबाई, पुरे करा आता," स्वयंपाकघरातून धाकट्या सुनेचा, रंजिताचा आवाज आला. "हात धुऊन घ्या. दादा येतीलच घंट्याभरात."

"येऊ दे ना मग. शालिग्राम काय पाहुणा आहे, का मी नवरी आहे नटून बसायले?"

"अम्मा, नवरीच दिसता तुम्ही!" जुलेखाबी पडवीतून ओरडली. "जाण्याच्या आधी वो वाला लगाओ ना, कल जो लगाया था."

धुरपदाबाईंनी डबीला नावानं हाक मारली आणि कालचं गाणं लावायला सांगितलं. डबीनं ते लावलं. कढईत काप पडल्याचा चर्रर आवाज आला. बाहेर वैशाखाचं ऊन असं तापलं होतं की सकाळच्या दहालाच पुढच्या खोलीतला कूलर जीव खाऊन ओरडत होता. आज अमावास्या. आज निंबोल्याला जायचं. रंजितानं त्यांची पिशवी कालच भरून ठेवली होती, लुगडी, चोळ्या, जपमाळ, सगळं कसं नीटनेटकं. दर अमावास्येला ती एक दिवस आधीच भरायची. तेच धुरपदाबाईंना लागायचं. माणसाला घालवायची इतकी घाई कशाची?

धुरपदाबाईंना दोन मुलं. थोरला शालिग्राम निंबोल्याला, शेतावर. धाकटा निरंजन इथं बुऱ्हाणपुरात, ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवायचा, आणि त्याची बायको रंजिता घरीच केळीचे वेफर तळून दुकानांना द्यायची. म्हातारबा गेले, त्यानंतर वाटणी झाली आणि समाजातल्या चार जाणत्यांनी बसून सगळं ठरवून दिलं. केळीचा मळा निम्मा निम्मा. विहिरीवरची मोटर तीन दिवस याची, तीन दिवस त्याची. आणि माय एक महिना इकडे, एक महिना तिकडे, अमावास्या ते अमावास्या. भांडण म्हणाल तर एका शब्दाचं झालं नाही. निंबोल्यात अजून त्या वाटणीचं नाव काढतात.

आणि दोघे भाऊ असे काटेकोर, की ज्याच्या महिन्यात माय, त्याच्याच घरचं सगळं. डोक्याचं तेल त्याच्या घरचं, डोळ्यांत घालायचं औषध त्याच्या घरचं. औषधाची बाटली अर्धी उरली तरी अमावास्येला ती त्याच घरात राहायची आणि दुसऱ्या घरी नवी फुटायची. धाकट्याच्या घरचा थेंब थोरल्याच्या महिन्यात मायच्या डोळ्यांत पडला, असं व्हायला नको.

मग दोन दिवाळ्यांपूर्वी ही डबी आली. इंदूरला शिकणाऱ्या हिमानीनं, निरंजन-रंजिताच्या मुलीनं, ती आजीसाठी आणली. भरताच्या वांग्याएवढी, वरून जाळीची. वीज आणि वायफाय मिळालं, की नुसतं तोंडानं सांगायचं, अमकं लाव, की लागलं. धुरपदाबाईंचे डोळे तोवर बरेच गेले होते. टीव्ही नुसता ऐकून काय कळणार? डबीनं मात्र त्यांना पाहिजे ते पाहिजे तेव्हा दिलं. एकदा निंबोल्याला ती दोन दिवस बंद पडली, तर धुरपदाबाई जेवायलाही उठल्या नाहीत. तेव्हापासून 'माय तिथं डबी' हे दोन्ही घरांत पक्कं झालं.

ही डबी गाणी आणायची ती महिन्याला वर्गणी भरायच्या एका कंपनीकडून, आणि एका वेळी ती एकाच खात्याला जोडलेली असायची. हिमानीनं आपल्या आईच्या मोबाइलवर खातं काढून त्याला ती जोडली होती. पहिल्या अमावास्येला डबी तशीच निंबोल्याला गेली. तिसऱ्या दिवशी शालिग्रामला आपल्या मुलाकडून, विपुलकडून कळलं, की डबी वाजते आपल्या घरात आणि खातं आहे रंजिताचं. तो भरल्या ताटावरून उठला.

"माह्या महिन्यात, माह्या घरात, माय भजन ऐकते ते धाकट्याच्या खात्यावर? गावात कळलं तर तोंड दाखवायची सोय राहील का?"

विपुलनं त्याच संध्याकाळी स्वतःचं खातं उघडलं, डबी काकूच्या खात्यावरून सोडवली आणि आपल्या खात्यावर घेतली. पुढच्या अमावास्येला रंजितानं ती परत घेतली. झालं, औषधाच्या बाटलीसारखं डबीचंही सुरू झालं. हिमानीनं फोनवर कपाळ बडवून घेतलं. "अगं आई, एकाच खात्यावर राहू दे ना. दोन्ही घरी वाजेल. फर्क काय पडतो?" पण फरक पडतो, हे दोन्ही घरांत सगळ्यांना इतकं लख्ख दिसत होतं, की तिला उत्तर द्यायचीही कुणाला गरज वाटली नाही.

कंपनीला मात्र ते दिसेना. तिला वाटलं असणार, ही डबी कुणीतरी चोरून विकत हिंडतोय. मागच्या आठवड्यात विपुल आणि रंजिता दोघांच्याही मोबाइलवर निरोप आला. हे यंत्र वारंवार एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर नेलं जात आहे. आता एकच बदल करता येईल. त्यानंतर ते ज्या खात्यावर असेल, तिथंच वर्षभर राहील.

निरंजननं त्या दिवशी जेवता जेवता भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कसं करायचं दादा?"

"करायचं काय त्यात? तसाही अमावास्येपासून माहा महिना लागतोच. डबी माह्याकडे येईल, अन् मग वर्षभर मायही माह्याकडेच राहील. पुढचं वर्ष तुहं. मशीनचा नियम आहे, त्याले तू काय करशील अन् मी काय करीन?"

"तुम्ही म्हणाल तसं, दादा."

धुरपदाबाई शेजारीच जेवत होत्या. डबीला कुणी विचारत नसतं, तसं मायलाही, हे त्यांना मान्य होतं. पण रंजिता पोळ्या वाढत होती, ती काहीतरी बोलेल म्हणून त्यांनी कान तिच्याकडे लावले. 'वर्षभर कशाला', नाही तर 'मधून चार दिवस तरी येऊ द्या', काहीही चाललं असतं.

"आत्याबाई, भाजी वाढू?" रंजितानं विचारलं. बस, एवढंच.

निंबोल्याला काही कमी होतं का? देवाशपथ नाही. थोरली सून सिंधू त्यांना फुलासारखी जपायची. ताट खाटेवर आणून द्यायची, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायची, इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही. आणि मग सकाळी आठाच्या आत घरातली सगळी माणसं मळ्यात. एवढ्या मोठ्या घरात धुरपदाबाई आणि डबी. एक भजन संपून दुसरं लागेपर्यंत मध्ये जी शांतता पडायची ना, तीत त्यांना स्वतःचा श्वास ऐकू यायचा. त्यांच्या वयाच्या शेजारणी एकेक करून गेल्या होत्या. हाक मारायची तर कुणाला?

आणि इथं? इथं रंजिता गोड बोलायचीच नाही. पहिल्याच महिन्यात तिनं परात पुढ्यात ठेवली होती. "बसल्या बसल्या एवढं निवडा आत्याबाई, मला उरकत नाही." निरंजनला राग आला होता, म्हातारीला कामाला लावतेस म्हणून. धुरपदाबाईंना मात्र त्या दिवशी दुप्पट भूक लागली होती. इथं दिवसभर सुरीचा आवाज, तेलाचा वास, जुलेखाबीच्या सुनेच्या कागाळ्या, माल न्यायला आलेल्या पोरांची घासाघीस. डबी वाजायची ती सगळ्यांसाठी. कुणी म्हणायचं हे लावा, कुणी म्हणायचं ते लावा. आणि डबीला सांगायचा मान धुरपदाबाईंचा.

त्यांना इथं राहायचं होतं. खरं सांगायचं तर, त्यांना आता कुठं जायचंच नव्हतं. पण आईनं असं तोंडातून कसं काढावं? धाकट्याकडे राहते म्हटलं, की दुसऱ्या दिवशी निंबोलाभर होणार, सिंधूनं म्हातारीला उपाशी ठेवलं असेल. शालिग्रामला मान खाली घालून पारावरून जावं लागेल. आणि ज्या सुनेच्या भरवशावर हे बोलायचं, ती तर पिशवी आदल्या दिवशीच भरून मोकळी. नको म्हणाली तर? म्हणून इतकी वर्षं त्या गप्प होत्या, आणि आताही गप्पच राहणार होत्या.

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला.

"माय!" शालिग्राम दारातूनच गरजला. त्याचा आवाज लहानपणापासून तसा, मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा. मधल्या खोलीत येऊन तो त्यांच्या पाया पडला. हाताला केळीच्या चिकाचा आणि घामाचा वास. "तब्येत बरी आहे ना? आता वर्षभर कुठं जायचं नाही, माय. खाट नवी विणून घेतली तुह्यासाठी. खिडकीत कूलर बसवला. सिंधू म्हणे, आत्याबाईची खोली अशी थंड पाहिजे की पांघरूण लागलं पाहिजे."

"बरं केलं बा," धुरपदाबाई म्हणाल्या. या लेकराला काय सांगायचं?

विपुल मागून आला, त्यानंही पाया पडून घेतलं. निरंजन दुकान नोकरावर सोडून आला. तिघे पुढच्या खोलीत कूलरसमोर बसले. धुरपदाबाई मधल्या खोलीत आपल्या खाटेवर, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. रंजिता आत कढईपाशी. तिचे हात कायम चिकानं आणि तेलानं भरलेले, म्हणून तिचा मोबाइल दाराजवळच्या फळीवर असायचा, धुरपदाबाईंच्या डोक्याच्या थोडा वर.

"विपुल, ते डबीचं पहिले उरकून घे," शालिग्राम म्हणाला. "ऊन आणखी चढायच्या आत निघू."

"दोन मिनिटांचं काम आहे, बाबा." विपुलनं मोबाइल काढला, काहीतरी टिचटिच केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "काकू, मी रिक्वेस्ट टाकली. खातं तुमचं आहे ना, तर ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल. तो फक्त वाचून सांगा मला."

फळीवर मोबाइल वाजला. टिंग.

धुरपदाबाईंनी ऐकलं. कूलरच्या घरघरीत पुढच्या खोलीत काही गेलं नसणार, पण त्यांच्या तर डोक्यावरच वाजला तो. आतून रंजिताची पावलं आली. दारात थांबली. आता हात पुसेल, मोबाइल घेईल, आकडे वाचील आणि सुटेल एकदाची, असं धुरपदाबाईंच्या मनात आलं.

"नाही आला," रंजिता म्हणाली.

बिचारीला कढईच्या आवाजात ऐकू आलं नसेल. 'अवं, आत्ताच तर वाजला,' म्हणायला धुरपदाबाईंनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. कारण रंजिता अजून दारातच उभी होती. तिच्या पदराचा तळणीचा वास अगदी जवळून येत होता. मोबाइल तिच्या हाताच्या अंतरावर होता आणि तिचे डोळे काही गेलेले नव्हते.

"नेट स्लो चल रहा है शायद," विपुल म्हणाला. "दोन मिनिटांत कोड मरतो. पुन्हा टाकतो."

टिंग.

"नाही आला रे, विपुल." या वेळी उत्तर जरा लवकरच आलं.

धुरपदाबाईंनी खाटेची कड धरली. ही पोरगी करतेय काय? हिच्या घरची वर्षभराची कटकट आपणहून चालली आहे आणि ही दारात उभी राहून खोटं बोलतेय, तेही सख्ख्या थोरल्या दिराच्या तोंडावर. आणि एक सांगायचं तर, त्या पोरीनं आजवर त्यांना 'राहा' म्हणून म्हटलं नव्हतं, तसं 'जा' म्हणूनही कधी म्हटलं नव्हतं. हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"तो कूलर बंद करा पहिले," पुढून शालिग्राम वैतागला. "इथं माणसाचं माणसाले ऐकू येऊ नाही राह्यलं, तिले मोबाइल कुठून ऐकू येईल?"

निरंजननं बटण दाबलं. कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला आणि घर एकदम उघडं पडल्यासारखं झालं. पडवीत जुलेखाबीची सुरी केळीवर चालत होती, ती कळायला लागली. रंजितानं कढईखालचा गॅस बारीक केला होता, की बंदच केला होता, कोण जाणे. तिकडूनही काही आवाज येईना.

"काकू, तीनच चान्स असतात," विपुल उठला आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात येऊन उभा राहिला. "हा शेवटचा. मोबाइल हातातच धरून ठेवा."

"हात चिकानं भरलेत."

"मग मी घेतो ना. कुठं आहे?"

"असू दे. पाहते मी," रंजिता म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी हललं. धुरपदाबाईंनी त्या आवाजाचे सगळे प्रकार ऐकले होते, चिडका, थकलेला, कोरडा. हा कधी ऐकला नव्हता. पोरगी घाबरली होती.

"टाकला," विपुल म्हणाला.

आणि धुरपदाबाईंना खोकला आला.

काय तो खोकला! बेंबीच्या देठापासून निघाला, खाटेच्या दोऱ्या करकरल्या, पडवीत जुलेखाबीची सुरी थांबली. वर फळीवर जे काही वाजलं असेल ते त्या खोकल्यात कुठल्या कुठं गेलं. "माय!" म्हणत शालिग्राम धावला. निरंजननं येऊन पाठ चोळायला घेतली. "पाणी आणा, पाणी!" विपुल मोबाइल खाटेवर टाकून माठाकडे पळाला. रंजितानं त्याच्या हातातला पेला घेऊन सासूच्या ओठांना लावला. धुरपदाबाईंनी घोटभर पाणी घेतलं, जरा दम खाल्ला, आणि पुन्हा खोकायला लागल्या. इतक्या लवकर कसं थांबून चालेल?

"ठसका लागला," अखेर त्या म्हणाल्या. "वेफरचं मीठ नाकात गेलं, बा."

"डॉक्टरले दाखवायचं का?"

"खोकल्याले काय डॉक्टर? बस तू."

विपुलनं खाटेवरचा मोबाइल उचलला.

"गेलं," तो म्हणाला. "लॉक झालं." मग त्यानं ते वाचूनच दाखवलं. सुरक्षेच्या कारणास्तव हे यंत्र सध्याच्या खात्यावरच ठेवण्यात आलं आहे. पुढील बदल एक वर्षानंतर करता येईल.

"म्हणजे?" शालिग्रामनं विचारलं.

"म्हणजे डबी इथंच, बाबा. काकूच्या खात्यावर. सालभर."

"कंपनीले फोन लाव."

"लावून काही होत नाही, बाबा. मागच्या हप्त्यातच विचारलं होतं मी."

शालिग्राम खाटेच्या कडेला बसला. खाट त्याच्या बाजूला झुकली. मायनं डबीशिवाय दोन दिवस कसे काढले होते, ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डबी जिथं, तिथं माय, हे सगळ्यांच्या देखत ठरवलं होतं तेही त्यानंच. आता शब्द फिरवायचा तर कसा? निरंजन दादापुढे कधीच बोलत नसे.

"खाट नवी विणली होती, माय," शालिग्राम म्हणाला. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाणारा तो आवाज हातभरही पुढं गेला नाही.

सांगून टाकावं सगळं, असं धुरपदाबाईंना वाटलं. हा काही वाईट मुलगा नव्हता. यानं काही केलं नव्हतं. त्यांनी चाचपून त्याचं मनगट धरलं. केवढं जाड झालं होतं, आणि केवढं खरखरीत.

"शालिग्राम, इतकी वर्षं दर अमावास्येले मीच हलत आली ना, बा. आता नाही होत माह्याच्यानं. आता तू येत जा."

"कधी बोलली नाहीस, माय."

त्यांनी नुसतं त्याचं मनगट दाबलं.

"लोकं काय म्हणतील?" तो म्हणाला.

"लोकांले सांग, म्हातारी तयार होती, मशीनच अडून बसलं. अन् त्या खाटेवर तू नीज. तुही कंबर दुखते ना? सिंधूले म्हणा, थंड खोलीत आता तुम्ही दोघं झोपत जा."

विपुल फस्सकन हसला. शालिग्रामनंही हसल्यासारखं केलं, मग उपरण्यानं डोळे पुसले आणि ऊन लय झालं म्हणाला. रंजितानं सगळ्यांची पानं वाढली. जेवणं झाली. जाताना तो पुन्हा पाया पडला आणि दारापाशी वळून म्हणाला, "येत्या अमावास्येले येतो, माय."

"अमावास्येची वाट कायले पाहतो? मधीही ये. केळी घेऊन ये रंजितासाठी."

"तिच्याकडून केळीचे पैसे घ्यायचे का मग?" हे त्यानं निरंजनला विचारलं, आणि कुणाला वाटेल थट्टा केली, पण तो खरंच विचारत होता. दोघा भावांचं त्यावर अंगणात बराच वेळ चाललं. शेवटी पिकअप निघून गेली आणि निरंजन दुकानाकडे गेला.

दुपार टळली. जुलेखाबीनं दिवसाचं सोलणं संपवलं, "चलो अम्मा, कल मिलते," म्हणाली आणि छत्री उघडून निघाली. कूलर पुन्हा सुरू झाला. रंजिता आत भांडी आवरत होती. धुरपदाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. भांड्यांचे आवाज जरा जास्तच होत होते, असं धुरपदाबाईंना वाटलं.

"रंजिता."

"काय, आत्याबाई?"

"त्या मोबाइलचा आवाज बारीक करून ठेवत जा वं. मेलेलं माणूस उठून बसेल, असा वाजतो."

आतली भांडी थांबली. मग पावलं आली आणि दारात उभी राहिली.

"ठेवीन," रंजिता म्हणाली. आणि जरा थांबून, "आणि तुमच्या खोकल्याचं काय करायचं?"

"तो गेला," धुरपदाबाई म्हणाल्या. "दोन मिनिटांचाच होता."